जळगाव-धुळ्यातला ‘जपानी हेड स्पा’ : पैसे कशाचे द्यावेत, कशाचे देऊ नयेत

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या पुरुषांच्या सलूनमध्ये ‘जपानी हेड स्पा’ नावाचं, डोकं धुऊन मालिश करून देण्याचं पॅकेज आता रुळलं आहे. बोर्डावर साधारण ५०० पासून १,५०० रुपयांपर्यंतचे दर दिसतात आणि वेळ पाऊण तास ते सव्वा तास सांगतात. सेवा घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घामाने आणि धुळीने भरलेलं डोकं कोणी इतक्या निगुतीने धुऊन दिलं, असा अनुभव आपल्याकडे फार थोड्या पुरुषांना असतो. अडचण एवढीच की गिऱ्हाईक ज्या गोष्टी बघून पैसे मोजतं त्या वेगळ्या, आणि ज्यांच्यामुळे डोकं खरोखर हलकं होतं त्या वेगळ्या. डोक्यावर पाणी सोडणारी गोल कमान, स्क्रीनला जोडलेला कॅमेरा, वाफेची टोपी हे सगळं फोटोत छान दिसतं. काम चांगलं की वाईट हे मात्र मान कशी टेकवली, पाणी कसलं होतं, शाम्पू पुरता निघाला का आणि कारागिराचा हात कसा, यावर ठरतं.

मूळ जपानी पद्धत कशी आहे ते थोडक्यात बघू, म्हणजे इथे काय आलं आणि काय वाटेत गळलं ते कळेल. जपानमध्ये न्हाव्याचं दुकान आणि ब्यूटी सलून कायद्यानेच वेगळी आहेत. न्हाव्यांचा कायदा १९४७ चा, ब्यूटी सलूनवाल्यांचा १९५७ चा. दोघांनाही आधी शाळेत शिकावं लागतं, दिवसाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि मग राष्ट्रीय परीक्षा. वस्तऱ्याने चेहऱ्याची दाढी करणं हे न्हाव्याच्या परवान्याचं काम. ब्यूटी सलूनला फक्त मेकअपपुरती लव काढता येते. मालिश आणि शिआत्सू (बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत) यांचा परवाना तिसराच. ज्यांच्याकडे तो नाही ती दुकानं ‘रिलॅक्सेशन’ म्हणतात, उपचाराचं नाव घेत नाहीत. आपल्याकडे मात्र त्याच सेवेच्या पाटीवर ‘केसगळती थांबवा’ लिहिलेलं असतं, तिथेच सावध व्हावं.

घाईवाल्यांसाठी तिथे क्यूबी हाउससारखी दुकानं १९९६ पासून आहेत. दहा मिनिटांत कटिंग, केस धुणं नाही, तुटलेले केस पाइपने ओढून घेतात. त्यामुळे जो पुरुष सबंध सेवेचे पैसे देऊन न्हाव्याकडे बसतो, तो धुणं, गरम टॉवेल आणि दाढी या तिन्हींसाठी बसतो. आपल्याकडच्या पॅकेजमध्ये पहिलं येतं, दुसरं अर्धवट येतं आणि तिसरं बहुतेक ठिकाणी नसतंच. पाण्याची कमान तर जुन्या जपानी न्हाव्याच्या दुकानात सापडायचीच नाही. तिथे बेसिन खुर्चीच्या समोर असतं आणि गिऱ्हाईक पुढे वाकून डोकं धुऊन घेतं.

आता मान. मागे टेकून धुण्याच्या बेसिनमध्ये मान कडेवर फार वाकली, तर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ताण येतो. त्यातून झालेल्या पक्षाघाताच्या पाच केसेस १९९३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या होत्या. असं क्वचित होतं, पण टाळणं अगदी सोपं असल्याने धोका पत्करायचं कारण नाही. झोपल्यावर डोळे उघडा. सरळ वर छत दिसलं तर मान ठीक आहे. पाठीमागची भिंत दिसू लागली तर मान जास्त वाकली आहे. लगेच सांगून मानेखाली घडी घातलेला नॅपकिन किंवा जेलची उशी घ्या. आवंढा सहज गिळता यायला हवा. सगळ्यात चांगला तो पूर्ण आडवा होणारा शाम्पू-बेड. ओसाकाच्या टकारा बेलमाँटसारख्या कंपन्यांनी अशा खुर्च्या-बेड नावारूपाला आणले आणि आता त्या धर्तीचे स्वस्त बेडही मिळतात. बेड बघताना पाय टेकायला जागा आहे का तेही बघा. पाय लोंबकळत राहिले की कंबर अवघडते, आणि पाऊण तास अवघडून पडलेल्या माणसाला मालिशीचा गुण येत नाही. शेवटी मान कडकन मोडून द्यायची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिला इथे स्पष्ट नको म्हणा. त्या झटक्याने तीच रक्तवाहिनी फाटू शकते.

खान्देशात या सेवेचं खरं घोडं अडतं ते पाण्यापाशी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बरीच सलून बोअरवर किंवा टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शाम्पूचा फेस होऊ देत नाही, म्हणून कारागीर शाम्पू वाढवतो. वाढवलेला शाम्पू त्याच पाण्याने पुरता निघत नाही. केस वाळले की राठ लागतात, टाळू खाजते, दोन दिवसांनी खांद्यावर पांढरे कण दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, स्पाने कोंडा झाला. पुष्कळदा तो कोंडा नसतोच. केसांवर बसलेला शाम्पूचा आणि क्षारांचा थर सुटत असतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. डोकं धुण्यासाठी २०० च्या आतलं पाणी मिळालं तर काम छान होतं. काही सलूनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर बुडवून आकडा दाखवतात, त्यावर जाऊ नका. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून पाणी मऊ झालं तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. खरी परीक्षा साधी आहे. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात फेस वर उभा राहतो, खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. जड पाण्यात फेस बसतो आणि खाली दुधाळ गढूळ दिसतं. सॉफ्टनर आहे असं सांगितलं तर विचारायचा प्रश्न एकच : मीठ शेवटचं कधी टाकलं? मिठाच्या पाण्याने आतलं रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे) वेळेवर धुतलं नाही तर ती टाकी नुसती शोभेची. सॉफ्टनर नसेल तर शेवटचं ३-४ लिटर धुणं जारच्या पाण्याने करून मागा. वीस लिटरच्या जारमध्ये पाच-सहा डोकी होतात, सलूनला हा खर्च फार नाही, आणि केसांच्या मऊपणात पडणारा फरक लगेच हाताला कळतो.

पाण्याच्या तापमानाचंही तसंच. टाळूवर ३८ ते ४० अंश पाणी हवं. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी याहून जास्त तापलेलं असू शकतं, आणि उन्हातल्या पाइपात अडकलेलं पहिलं पाणी तर चटकाच देतं. गीझर बंद असला तरी. अशा वेळी मिसळायला गार पाणीच नसतं. चांगला कारागीर पहिलं पाणी बेसिनमध्ये सोडून देतो, मग धार आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला घेतो आणि कपाळाच्या कडेपासून सुरू करतो. तसं केलं नाही तर ‘पानी तपेल शे, भाऊ’ म्हणायला संकोच करू नका. उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत जावं, हा सल्ला याच कारणासाठी. हिवाळ्यात उलटी गत. थंडी पडली की धुळ्यात पारा एक आकडी होतो. शॉवरची धार मिनिटाला ६ लिटर धरली आणि तीन वेळच्या धुण्याला मिळून ७ मिनिटं धरली, तर ४० लिटरच्या वर पाणी लागतं. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर तिथे पुरत नाही. मधेच गार धार येते आणि पाच मिनिटांच्या मालिशीने सैल पडलेले खांदे एका क्षणात आवळतात. किमान २५ लिटरचा साठवणीचा गीझर असलेलं सलून निवडा.

कमानीबद्दल. बऱ्याच बेडखाली एक छोटा पंप असतो आणि कमानीतून पडलेलं पाणी बेसिनमध्ये साचून पुन्हा वर जातं. म्हणजे डोक्यावर दहा मिनिटं तेच पाणी फिरतं. शाम्पू पूर्ण निघाल्यावर, स्वच्छ पाणी भरून कमान चालवली तर तिचा स्पर्श खरंच सुखद असतो आणि पाणीही वाचतं, जे आपल्या भागात लहानसहान नाही. पण दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये बेसिन रिकामं करून पंप आणि नळ्या धुतल्या नाहीत, तर आधीच्या डोक्याचं पाणी तुमच्या डोक्यावर येतं. नळीच्या तोंडाला बोट लावून बघा. बुळबुळीत लागलं किंवा गुलाबी थर दिसला, तर कमान नको म्हणा आणि हातातल्या शॉवरने धुऊन घ्या. कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घालायलाच हवा. कानाच्या पडद्याला छिद्र असेल किंवा कान फुटत असेल, तर कमान पूर्ण टाळा.

धुण्याचा नीट क्रम असा. आधी कोरड्या केसांवर ब्रश. जिनिंगमध्ये किंवा शेतात काम करणाऱ्याच्या केसांत कापसाचे तंतू आणि बारीक माती असते; ती ओल्यात चिकटते, म्हणून कोरडी असतानाच काढायची. मग टाळूचा मळ सोडवणारं क्लेन्झिंग ऑइल १० ते १५ मिलिलिटर, भांग पाडत पाडत थेट टाळूवर, पाच मिनिटं. त्यानंतर कोमट पाण्याने निदान एक मिनिट नुसतं भिजवणं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग सगळं बिघडतं, कारण बरीच धूळ पाण्यानेच निघणार असते. शाम्पू दोनदा, कटिंग केलेल्या केसांना एका वेळी ३ ते ५ मिलिलिटर पुरतो, आणि तो आधी तळहातावर फेसाळून घ्यायचा. पहिला फेस लवकर धुऊन टाकायचा, मालिश दुसऱ्या फेसात करायची. कंडिशनर किंवा क्रीम केसांनाच, टाळूला नाही. शेवटचं धुणं दोन मिनिटांच्या खाली नको. कानामागे आणि मानेच्या खळगीत बोट फिरवून बुळबुळ राहिली का ते बघायचं. येताना डोक्याला खोबरेल लावून येऊ नका. लावलेलंच असेल तर पहिला शाम्पू पाणी घालायच्या आधी, कोरड्या केसांवर चोळायला सांगा. पाणी आधी पडलं की तेलावरून ते नुसतं घसरतं.

हाताचं काम शब्दांत पकडणं अवघड, पण एक जागा बघून कारागीर ओळखता येतो. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते, तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट जागा आहेत. शिकलेला कारागीर दोन्ही हात डोक्याखाली घालतो, मधली बोटं त्या खोलगट जागांत ठेवतो आणि स्वतः जोर न लावता तुमच्या डोक्याचं वजन बोटांवर येऊ देतो. पाच-सहा सेकंद तसंच धरतो, मग हळूच सोडतो, बोटं अर्धा इंच बाहेर सरकवतो आणि पुन्हा धरतो. जोर कमी, वेळ जास्त. दिवसभर मोटारसायकलवर किंवा संगणकासमोर बसणाऱ्याच्या मानेला आराम मिळतो तो इथेच. न शिकलेला कारागीर त्याच जागी अंगठे रुतवून घासतो आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. बोटांची पेरं वापरायची, नखं नाहीत. टाळूवर लाल ओरखडे दिसले तर नखं लागली. कानशिलांवर दाब अगदी हलका. आपली टपाटप वाजणारी चंपी तिच्या जागी उत्तम आहे, पण ५० रुपयांची चंपी हजाराच्या पॅकेजमध्ये घालून देत असतील तर विचारणा करावी. मालिशीचा एकूण वेळ १२ ते १५ मिनिटं असायला हवा.

गरम टॉवेल हा या सेवेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी भाग, आणि आपल्याकडे त्याचीच आबाळ होते. तीन टॉवेल लागतात : एक मानेखाली, एक चेहऱ्यावर नाक मोकळं ठेवून, एक खांद्यांवर. गरम पेटीत ते ७०-८० अंशांवर असतात. कारागिराने उलगडून दोन-तीनदा झटकायचे, स्वतःच्या मनगटावर लावून बघायचे आणि मगच ठेवायचे. दीड-दोन मिनिटांत, गार व्हायच्या आधी, काढून घ्यायचे. एसीत गार झालेला ओला टॉवेल मानेखाली राहिला तर आधीच्या सगळ्या कामावर पाणी पडतं. टॉवेल नाकाजवळ आला की वास घ्या. आंबूस वास म्हणजे ओले टॉवेल पेटीत रात्रभर कोमट पडून होते. लाइट दोन-तीन तास गेली की पेटी नेमकी जंतूंना मानवेल अशी कोमट होते. लाइट आल्यावर तेच टॉवेल पुन्हा तापवून वापरणं चूक आहे, ते धुवायला टाकायला हवेत.

दाढी पॅकेजमध्ये नसेल तर वेगळे पैसे देऊन घ्या. जपानी न्हावी गालांबरोबर कपाळ, भुवयांमधली जागा, कानाची पाळी आणि मानेमागची लवही काढतो. गिफू प्रांतातलं सेकी हे पात्यांचं जुनं गाव. फेदर आणि काई या कंपन्या तिथल्याच. फेदरची पाती आपल्याकडेही मिळतात आणि काही सलून अभिमानाने ती दाखवतात. पातं नेहमीच्या अर्ध्या ब्लेडपेक्षा जास्त धारदार असतं. उस्तऱ्याला सवयीने जोर लावणाऱ्या हाताने ते चालवलं तर पहिल्याच फटक्यात कापतं. वस्तरा त्वचेला ३० अंशांच्या आसपास ठेवून, वजनही न टाकता ओढायचा असतो. पातं तुमच्यासमोर पाकिटातून काढलेलं हवं. निळ्या दिव्याच्या (अतिनील किरणांच्या) पेटीतून काढलेला वस्तरा निर्जंतुक असतोच असं नाही. ते किरण जिथे पोचत नाहीत तिथे काही होत नाही. कपाळ आणि गाल सफाचट केल्यावर लगेच उन्हात गेलं की आग होते, त्यामुळे हे काम संध्याकाळी करून घ्यावं किंवा निघताना सनस्क्रीन लावावं. पुटकुळ्या असतील, किंवा दाढीचे केस आत वळून गाठी होत असतील, तर दाढी नको, मशीन फिरवून घ्या. नुकत्याच दाढी केलेल्या कातडीवर मेंथॉलचं टॉनिकही नको. मेंथॉलने फक्त गार झाल्याचा भास होतो, तापलेली त्वचा त्याने निवत नाही.

कॅमेऱ्याचे वेगळे पैसे देऊ नका. टाळू शंभरपट मोठी करून दाखवली की तेल आणि पांढरे कण कोणाच्याही डोक्यात दिसतात, आणि धुतलेलं तेल काही तासांत परत येतं. तो आजार नाही. केस वाढण्याच्या दाव्याचंही असंच. २०१६ मध्ये जपानमध्ये नऊ पुरुषांच्या टाळूला रोज ४ मिनिटं, २४ आठवडे मालिश दिली, तेव्हा केसाची जाडी ०.०८५ मिलिमीटरवरून ०.०९२ झाली, केस वाढण्याचा वेग बदलला नाही. माणसं नऊच, आणि मालिश रोजची. महिन्यातून एकदाच्या स्पाने टक्कल भरून येतं असं यातून निघत नाही. तेलकट खपल्यांचा खरा कोंडा असेल तर औषधाच्या दुकानातला २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं ठेवून, महिनाभर वापरणं जास्त उपयोगाचं आणि कितीतरी स्वस्त. चट्ट्यांमध्ये केस जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

टाळूवर जखम, फोड, नायटा, उवा असतील तर स्पा पुढे ढकला. मानेचा स्पाँडिलायटिस, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहात कातडीची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा गरम टॉवेल जास्त गरम आहे हे वेळेवर कळत नाही. अशांनी तसं आधीच सांगावं. केसांना काळी मेंदी किंवा कलर लावला असेल तर दोन दिवस थांबा. रंग उतरतो हे एक, आणि कलरने चुरचुरणारी टाळू क्लेन्झिंगने जास्तच चिडते.

पॅकेज घेताना भाग सुटे करून मागा : क्लेन्झिंग, दोन शाम्पू, १५ मिनिटं मालिश, तीन टॉवेल, मानेमागची दाढी. कॅमेरा, वाफ, कमान आणि ‘हेअर ग्रोथ सीरम’ वगळून दर विचारा. एवढ्या कामाला पाऊण तास पुरतो आणि ६००-७०० रुपये देणं रास्त आहे. रविवारी आणि लग्नसराईत घेऊ नका, टॉवेल आणि गरम पाणी दोन्ही कमी पडतात. ड्रायर निदान वीतभर लांबून, आधी केसांच्या मुळाशी फिरवून पूर्ण कोरडं करून घ्या. पावसाळ्यात तर ओल्या डोक्यावर हेल्मेट घालून निघूच नका. त्या रात्री तेल नको, आणि पुढचा शाम्पू दोन दिवसांनी.